बर्फाच्या खोलीतली घरघर

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण रेडिओवरचा माझा आवाज ऐकून लोकांचा भलताच गैरसमज होतो. बाजारात भेटणाऱ्या बायका म्हणतात, "तुमचा आवाज किती शांत हो, ऐकला की धीर येतो." मी हसून कोथिंबीर पिशवीत टाकते आणि पुढे सरकते. तो शांत आवाज चालू असताना टेबलाखाली माझे पाय एकमेकांत अडकलेले असतात आणि तळहाताला घाम सुटलेला असतो, हे त्यांना सांगून काय मिळणार?

माझं माहेर म्हसळ्याच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. आमची भातशेती. पाणी म्हणजे खाचरातलं, लावणीच्या वेळी पोटरीला लागणारं. समुद्र फार लांब नव्हता, पण आमच्या घरात कुणी त्याचं नाव काढत नसे. अशा घरातली मी कॉलेजात एका कोळ्याच्या मुलाच्या प्रेमात पडले आणि लग्न करून थेट बंदरावरच्या घरात आले. बाबांनी कितीतरी दिवस अबोला धरला. आईने एवढंच विचारलं, "तो रोज पाण्यात जाणार. तू काय करणार?" मी म्हटलं, "वाट बघेन." वाट बघणं म्हणजे काय असतं ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

लग्नानंतर तो पहिल्यांदा होडी घेऊन गेला तेव्हा मी बंदरावर उभी होते. होडी लहान होत होत दिसेनाशी झाली आणि मला तिथेच ओकारी आली. सासूबाई सुकटीची टोपली खाली ठेवून आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हसायला लागल्या. "अगो, तो काय लढाईवर ग्येलाय? म्हावरं आणाया ग्येलाय. दुपारी जेवाया येल." तो जेवायला आलाही. पण माझी भीती काही गेली नाही. मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, तरी वारा जरा फिरला की मी हातातलं काम टाकून बंदरावर जाऊन उभी राहायचे. तो चिडवायचा, "भातातली पोर. गुडघाभर पाणी बघितलं की हिचा जीव जातो." माझ्या घरच्यांसमोर मी त्याला अहो म्हणायचे, एरवी अरे. भांडताना काय म्हणायचे ते लिहिण्यासारखं नाही.

रेडिओचं काम मी धरलं ते या भीतीपोटीच. गावात छोटं एफएम केंद्र सुरू झालं होतं, गावातल्या माणसांनी गावासाठी चालवलेलं. भजनं, बाजारभाव, डॉक्टरांच्या मुलाखती आणि मुख्य म्हणजे हवामान. किनाऱ्याजवळ मासेमारी करणाऱ्या लहान होड्यांपर्यंत ते स्वच्छ ऐकू जायचं. मी विचार केला, वाऱ्यापावसाची बातमी गावात सगळ्यांत आधी माझ्या हातात येईल, आणि ती मी सांगेन तेव्हा तो तिकडे पाण्यावर ऐकत असेल. त्याच्या होडीत एक लहानसा रेडिओ होता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबराने बांधलेला. नुसतं घरात बसून वाट बघण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटलं.

स्टुडिओ बघितल्यावर मात्र माझी पाचावर धारण बसली. मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना कधीचा बंद पडला होता. त्यातली बर्फ साठवायची खोली आम्हाला मिळाली होती. भिंती हातभर जाड, आतून थर्माकोलचे थर, खिडकी नाही, दार इतकं जड की खांदा लावून ढकलावं लागे. बर्फ वितळू नये म्हणून बांधलेली ती खोली आवाजही आत येऊ देत नव्हती. बाहेरच्या बोळातलं माणूस दिसावं म्हणून एका भिंतीत काचेचा लहानसा चौकोन बसवला होता, तेवढाच. केंद्र चालवणारे सर खुश होते. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, नारळी-पोफळीच्या वाडीवाले, कामात काटेकोर आणि आवाजाच्या बाबतीत तर अगदी सोवळ्यातले. "अगं, मुंबईत असली खोली बांधायला लोक जन्म घालवतात," ते म्हणाले आणि त्यांनी दार लावून दाखवलं.

दार लागलं आणि समुद्र बंद झाला. बंदरावर राहणाऱ्या माणसाच्या कानात समुद्र चोवीस तास असतो, झोपेतसुद्धा. त्या आवाजावरून मला वाऱ्याचा अंदाज यायचा. या खोलीत काहीच नव्हतं. बाहेर आभाळ कोसळलं असतं तरी आत बसलेल्या मला कळलं नसतं. घरी येऊन मी त्याला सांगितलं, "ते दार बाहेरून बसलं आणि मी आत अडकले तर? कितीही ओरडले तरी कुणाला ऐकू जायचं नाही."

तो जाळं विणत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "समोर माईक हाय ना? त्यात ओरड. मी ऐकीन."

त्या खोलीत एकच आवाज होता, कंप्युटरच्या पंख्याचा. टेबलाखाली ठेवलेला तो डबा पहिले काही महिने गुमान होता. पण आमच्याकडच्या खाऱ्या हवेपुढे कुणाचं चालत नाही. दाराच्या बिजागऱ्या जिथे वर्षात गंजतात तिथे त्या बिचाऱ्या पंख्याचं काय. तो घरघरायला लागला. मी वाक्य संपवून थांबले की मागून घरघर. पान उलटायला थांबले की घरघर. पाहुणा उत्तर आठवायला थांबला की घरघर. मला ती बरी वाटायची, खोलीत आणखी कुणीतरी आहे असं वाटायचं. सरांना मात्र ती सहन होत नव्हती. ते कानाला हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकायचे आणि दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करायचे.

त्याला होडीवरही ती घरघर ऐकू यायची. "तू गप बसलीस की तुझा पंखा बोलतो," तो म्हणायचा. "त्यावरनं कळतं, बाई पान उलटत्येय, पळून न्हाय ग्येली." मला वाटायचं हा आपला चिडवतोय.

मग सरांचं युद्ध सुरू झालं. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे जुनी गोधडी मागितली. सासूबाईंनी लुगड्यांची शिवलेली एक जाडजूड गोधडी दिली आणि सरांनी कंप्युटरला बाळंतिणीसारखं गुंडाळून ठेवलं. घरघर थांबली. पण आत तो तापत गेला आणि भजनस्पर्धेच्या प्रक्षेपणात, बुवांनी वरचा सूर लावलेला असताना, फट्‌कन बंद पडला. त्या भजनी मंडळाने पुढे कितीतरी दिवस सरांना राम राम घातला नाही. मग मासळीचं थर्माकोलचं खोकं आणून, त्याला भोकं पाडून, ते कंप्युटरवर उपडं घातलं. खोकं धुऊन घेतलं होतं, पण बोंबलाचा वास धुऊन जातो होय? लसीकरणावर बोलायला आलेले डॉक्टर सगळा वेळ टेबलाखाली बघत होते.

शेवटी सरांनी तो डबाच खोलीबाहेर काढला. बर्फाच्या यंत्राचा नळ पूर्वी जिथून आत यायचा तिथे भिंतीत भोक होतं. त्यातून वायरी ओढल्या, कंप्युटर बोळात जाळीच्या कपाटात गेला, आत फक्त पडदा आणि माईक उरला. घरघर गेली. तर त्या लांब वायरींमुळे दुसरीच एक बारीक भुणभुण आली. ती मला नीट ऐकूही येत नव्हती. सर तिच्या मागे लागले, वायरी बदलल्या, पत्रे लावले, आणि एके दिवशी कंप्युटरमध्येच उपाय सापडल्याचं त्यांनी जाहीर केलं. आपण बोलतो तेवढा वेळ आवाजाची वाट उघडी राहते, बोलणं थांबलं की ती आपोआप बंद होते, अशी ती सोय होती. "दारच आहे म्हण ना," सर म्हणाले. "तू बोललीस की उघडणार, गप्प झालीस की लागणार. भुणभुण बाहेरच्या बाहेर." त्यांनी मला हेडफोन दिला. माझं एक वाक्य, मग काहीच नाही, मग पुढचं वाक्य. मधली जागा अगदी पुसून घेतलेली. मलाही ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू? दोन वाक्यांच्या मधे माझा श्वास थरथरतो तो आता कुणाला ऐकू जाणार नव्हता.

हे सगळं झालं ते मासेमारीची बंदी असताना, भर पावसात. होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या होत्या आणि गावातली माणसं जाळी दुरुस्त करत ओट्यावर बसलेली होती. पाण्यावर आमचा रेडिओ ऐकायला कुणी नव्हतंच.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या. थोड्या दिवसांनी तो जेवताना म्हणाला, "हल्ली मधेच जातेस कुठं?"

"कुठे जाणार? ते दार तरी मला उघडतं का?"

"मधे काहीच नसतं. मी रेडिओला थापट्या मारतो."

मी हसले आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला. त्या वेळी आम्हा दोघांनाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

इथे आमच्या केंद्राची एक रीत सांगायला हवी. वादळाचा इशारा आला की आमच्याकडे गाणं लावत नाहीत. सुरुवातीला आम्ही इशारा वाचून झाल्यावर गाणं लावलं होतं, आणि पाण्यावरच्या काही जणांनी त्याचा अर्थ घेतला की धोका टळला. परत फिरलेल्या होड्या पुन्हा जाळ्याकडे वळल्या. नशिबाने सगळे घरी आले, पण सोसायटीची वडील माणसं केंद्रावर येऊन बसली आणि रीत ठरवून गेली. इशारा वाचायचा, मग माईक उघडा ठेवून तिथेच बसायचं, थोड्या वेळाने पुन्हा वाचायचा. धोका पूर्ण टळल्यावरच गाणं. गाणं लागलं म्हणजे उतरलं, हे आता इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. मधल्या वेळात लोक रेडिओ तसाच चालू ठेवतात. मधल्या वेळात त्यांना काय ऐकू येत होतं, याचा विचार कुणी केला नव्हता.

आश्विनाचे दिवस होते. नवरात्र होऊन गेलं होतं, ऊन चटके देत होतं. तो सकाळी चुलतभावाला घेऊन गेला, समुद्रातल्या मोठ्या खडकाच्या पलीकडे, जिथे मोबाईलला रेंज मिळत नाही. आभाळ इतकं स्वच्छ होतं की माझ्यासारखीलाही घाबरायला कारण सापडेना. दुपारी मी केंद्रावर होते. सरांच्या मोबाईलवर हवामान खात्याचा निरोप आला, होड्या बाहेर पडल्यापासूनचा पहिलाच. विजा, सोसाट्याचा वारा, होड्यांनी ताबडतोब परत फिरावं. सरांनी मोबाईल माझ्यापुढे धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा आत."

दार लागलं. मी इशारा वाचला. आमच्याकडे आणखी एक नियम आहे, माईकवरून कुणाचं नाव घेऊन हाक मारायची नाही, आणि आवाजात घाबरलेपण आणायचं नाही. त्यामुळे "सर्व मच्छीमार बांधवांनी त्वरित किनाऱ्यावर परतावे" असं मी सगळ्यांना सांगत होते आणि प्रत्येक शब्द एकालाच सांगत होते. वाचून झालं. मी थांबले. खोलीत काहीच आवाज नव्हता, माझ्या कानातलं रक्त तेवढं ऐकू येत होतं. काचेतून सर दिसत होते आणि त्यांच्या मागे बोळातला झरोका. त्या झरोक्यातला उजेड आधी पिवळा झाला, मग मातकट झाला. बाहेर वारा सुटला आहे की नाही, तेवढं मला कळत नव्हतं. पुन्हा वाचलं. पुन्हा थांबले. एक वीज चमकली ती काचेवर दिसली, आवाज आलाच नाही. त्या बिनआवाजाच्या विजेने मी इतकी दचकले की खुर्ची मागे सरकली. मला वाटलं, आता उठावं, दार ढकलावं आणि बंदरावर पळत सुटावं. पण माईक माझ्याकडे होता.

तेवढ्यात बोळात सर कुणाशी तरी फोनवर बोलताना दिसले. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, झालं. सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर ओढून काढलं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर जाड अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि ते काचेला लावून धरलं.

"तू थांबलीस की लोकांना स्टेशन बंद वाटतंय. थांबू नको. बोलत राहा."

फोन सासूबाईंचा होता, हे नंतर कळलं. त्या बंदरावर सुकी मासळी भराभर गोळा करत होत्या, शेजारी रेडिओ लावलेला. "मास्तर, रेडिओ मुका झालाय तुमचा," त्या म्हणाल्या होत्या. "लाइट ग्येली का? आमची पोरगी हाय ना बरी?" त्यांच्यानंतर आणखीही फोन आले.

ती अक्षरं वाचताना मला सगळं एकदम लख्ख समजलं. मी इशारा वाचून गप्प बसले की सरांचं ते दार लागत होतं. ज्याने त्या मधल्या वेळात रेडिओ लावला असेल त्याला काहीच मिळत नव्हतं. स्टेशन बंद असलं की निदान खरखर तरी येते. इथे तीही नाही, गाणं नाही, पंखा नाही. माणूस काय करेल? सेल संपले म्हणेल आणि रेडिओ बाजूला टाकेल. मग मी पुढचा इशारा वाचेन तेव्हा ऐकायला कोण असेल? तो रेडिओला थापट्या मारतो म्हणाला होता. माझ्या डोळ्यांसमोर त्याचा हात आला, पिशवीतल्या रेडिओवर थापट्या मारणारा.

मी खुणेने सांगितलं, ते कंप्युटरमधलं दार काढून टाका ना. सरांनी मान हलवली. ऐन इशाऱ्यात कंप्युटरला हात लावला आणि तो बसला तर होता तो आवाजही जाईल, याची त्यांना भीती. गाणं लावायचा तर प्रश्नच नव्हता. तेव्हा मी बोलायला लागले.

इशारा मी किती वेळा वाचला ते माहीत नाही. पण तेच तेच सलग वाचत राहिलं की माणसाचं लक्ष उडतं, म्हणून मधे मधे मी दुसरं बोलत होते. काय बोलत होते ते आठवलं की आजही लाज वाटते. भात कापायला आलं की खाचरातलं पाणी कसं सोडतात ते सांगितलं. आई पेजेबरोबर कसलं लोणचं वाढते ते सांगितलं. वांग्याच्या भाजीत ओला जवळा घालावा की सुका, यावर मी एकटीच दोन्ही बाजूंनी वाद घातला. मुलीच्या शाळेतल्या गॅदरिंगमधला माकडाचा पोशाख सांगितला. आणि प्रत्येक गोष्टीच्या मागे, "मी इथेच आहे, स्टेशन चालू आहे, होड्या परत आणा." श्वास घ्यायला थांबायचीही मला भीती वाटत होती. श्वास घेतला की दार लागणार आणि नेमका त्याच वेळी तो ऐकत असणार, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

सर फोनवर सासूबाईंशी बोलत उभे होते. एखादी होडी बंदराला लागली की ते अंगठा वर करायचे. मी बोलता बोलता त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. ते लगेच नजर खाली वळवायचे, म्हणजे ती आमची नव्हती. पुन्हा अंगठा, पुन्हा नजर खाली. पुढे पुढे मला त्या अंगठ्याचाच राग यायला लागला. दुसऱ्यांची माणसं सुखरूप आली म्हणून राग, इतकी मी त्या वेळी घाबरले होते. झरोक्यातला उजेड संपला. बोळातला दिवा थरथरत होता आणि पावसाचं पाणी सरांच्या पायांपर्यंत आलं होतं. मी वांग्याकडे परत आले.

आणि मग माझ्या पाठीमागचं दार उघडलं.

आधी वारा आत आला. किती मोठा होता तो आवाज, मी इतका वेळ त्याच्या पोटात बसले होते आणि मला पत्ता नव्हता. मी वळून बघितलं. तो दारात उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत ओला, सदरा फाटलेला, धाप लागलेली. त्याच्या एका हातात कोयता होता, झावळ्या तोडायचा. बंदरावर कुणाशी न बोलता धावत येताना तो त्याने वाटेत कुणाच्या तरी ओट्यावरून उचलला होता, दार फोडायला लागलं तर म्हणून. माझ्याकडे बघत तो म्हणाला, "बंद का पडलीस तू?"

हे रेडिओवर गेलं. सगळ्या बंदराने ऐकलं.

मला उठता आलं नाही. अजून होड्या पाण्यावर होत्या. मी माईककडे तोंड केलं आणि इशारा पुन्हा पहिल्यापासून वाचला, एका दमात, शांत आवाजात. तो खाली फरशीवर भिंतीला टेकून बसला. त्याच्या कपड्यांतून पाणी निथळून माझ्या पायाखाली येत होतं आणि मी माझे पाय त्यातून काढून घेतले नाहीत. शेवटची होडी लागल्यावर सरांनी गाणं लावलं. तेव्हा मी रडले. तो म्हणाला, "आता का? आता तर उतरलं."

पाण्यावर काय झालं होतं ते त्याने मला सांगितलं नाही, चुलतभावाने सांगितलं. जाळं पाण्यात टाकून झाल्यावर त्याने रेडिओ लावला. पहिला इशारा तोपर्यंत होऊन गेला होता. आमच्या स्टेशनवर काही नाही. त्याने काटा फिरवला, दुसरी स्टेशनं लागली. परत आमच्यावर आणला, काही नाही. त्यांच्या बाजूचं आभाळ अजून साफ होतं, घाई करण्यासारखं कारण नव्हतं. चुलतभाऊ म्हणाला, लाइट गेली असेल. तर हा म्हणाला, "लाइट ग्येली तर खरखर येते. खरखर न्हाय, पंखा पण न्हाय. ती आत हाय आणि तिचा आवाज येत न्हाय." मग म्हणे त्याचा चेहराच बदलला. जाळं ओढायला लागला असता तर बराच वेळ गेला असता. त्याने जाळ्याला खुणेचा तरंगता बोया बांधला, दोर कापला आणि जाळं तसंच पाण्यात सोडून इंजिन चालू केलं. त्यानंतर इंजिनाच्या आवाजात रेडिओवर काय चाललंय ते त्यांना ऐकूच आलं नाही. चुलतभाऊ सारा रस्ता त्याला शिव्या घालत होता. अर्ध्या वाटेवर वारा आला. नंतर मागून आलेल्या होडीवाल्यांनी सांगितलं, जाळं होतं तिथे पाणी असं उभं राहिलं होतं की ते स्वतः कसे आले ते देवाला माहीत. आमचं जाळं पुढे काशीदच्या अंगाला सापडलं, अर्धंच.

मी चुलतभावाला म्हटलं, "म्हणजे त्याला इशारा मिळालाच नाही?"

"कसला इशारा, वहिनी? तू त्या दाराआड अडकलीस असं वाटलं म्हणून आला तो."

सरांनी दुसऱ्याच दिवशी कंप्युटरमधलं ते दार काढून टाकलं. पण आता खोलीत घरघरच उरली नव्हती, डबा बाहेर बोळात होता. तेव्हा त्यांनी अडगळीतून एक जुना, गंजका कंप्युटर आणला आणि माझ्या टेबलाखाली ठेवला. तो कशालाच जोडलेला नाही. त्याचा नुसता पंखा फिरतो. शहरातून कुणी केंद्र बघायला आलं, की हेडफोन लावून कपाळाला आठ्या घालतं आणि म्हणतं, मागे काहीतरी आवाज येतोय. सर म्हणतात, "येतोय. येऊ दे." आणि सोवळ्यातला तो माणूस चहा मागवायला निघून जातो.

मी अजून भिते. उलट जास्तच. इशारा वाचून मी थांबते, माईक उघडा असतो, खाली पंखा घरघरत असतो आणि माझा थरथरणारा श्वासही आता सगळ्यांना ऐकू जातो. जाऊ दे. खडकापलीकडे कुठेतरी पिशवीतल्या रेडिओतून त्याला ते सगळं पोचत असेल, असं धरून मी बसते. तो लावून बसलाय का, होडी वळवली का, काय करतोय, हे मला त्या खोलीत कळायची काहीच सोय नाही. त्याला मी ऐकू येते. मला तो येत नाही.